हिम भरपूर, तरी उतार दुपारी बंद का?

मार्च संपून एप्रिल लागला की उत्तर गोलार्धातील स्की केंद्रांचे रोजचे हवामान-अहवाल वाचणाऱ्याला चक्रावून टाकू लागतात. वरच्या स्थानकावर दोन मीटर हिम आहे, असे पहिली ओळ सांगते. त्याखाली लिहिलेले असते की उतार सकाळी टणक राहतील, दहानंतर मऊ होतील, पूर्वेकडील काही मार्ग अकरा वाजता आणि दक्षिणेकडील मार्ग दुपारी एक वाजता बंद केले जातील. रात्रीचे किमान तापमान मात्र ३ अंश सेल्सिअस दिलेले असते. शून्याच्या वर तापमान असताना उतार गोठला कसा, आणि दोन मीटर हिम शिल्लक असताना मार्ग बंद का करायचे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर हिमाच्या जाडीत सापडत नाही. ते बरेचसे आदल्या रात्रीच्या आकाशात सापडते, आणि तिथपर्यंत पोहोचण्यासाठी आधी हिमाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

एक खुलासा आधीच करतो. बोलताना आपण आकाशातून पडणाऱ्या कापसालाही बर्फ म्हणतो आणि फ्रीजमध्ये गोठलेल्या पाण्यालाही बर्फच म्हणतो. हा विषय समजायचा तर दोन्हींत फरक करावा लागेल, म्हणून या लेखात पडणाऱ्या आणि साचणाऱ्या पदार्थाला ‘हिम’ आणि गोठलेल्या घट्ट पाण्याला ‘बर्फ’ म्हटले आहे. हंगामभर साचलेल्या हिमाच्या एकत्रित जाडीला ‘हिमथर’ म्हणू.

जाडीचा आकडा काय लपवतो?

नुकतेच पडलेले कोरडे हिम म्हणजे बहुतांशी हवाच असते. घनमीटरभर ताज्या हिमाचे वजन साधारण ५० ते १०० किलो भरते. तेवढ्याच पाण्याचे १,००० किलो. पिंजून ठेवलेला कापूस आणि अनेक वर्षे वापरलेली गादी यांत जो फरक असतो, तोच ताज्या हिमात आणि हंगामअखेरच्या हिमात असतो. वरच्या थरांचे ओझे, वारा आणि वितळून पुन्हा गोठण्याचे चक्र यांमुळे हिमाच्या पाकळ्या मोडतात, गोल होतात आणि एकमेकींना चिकटतात, त्यामुळे एप्रिलपर्यंत घनमीटरचे वजन ४०० ते ५०० किलोंपर्यंत पोहोचते. म्हणजे अहवालात दोन्ही वेळा ‘दोन मीटर’ लिहिले असले तरी हिवाळ्यातील ताज्या दोन मीटरपेक्षा एप्रिलमधील दोन मीटरमध्ये कितीतरी जास्त पाणी साठलेले असते.

हंगामातील एकूण हिमवृष्टीचा आकडा तर याहून अधिक गोंधळात टाकतो, कारण ती रोजच्या नव्या हिमाची बेरीज असते. कॅलिफोर्नियातील मॅमथ माउंटन येथे २०२२-२३ च्या हंगामात तळाच्या केंद्रावर एकूण सुमारे १८ मीटर हिम पडले. तेथे १८ मीटर उंचीची भिंत एका वेळी कधीच उभी नव्हती. प्रत्येक नवा थर पडताच दबू लागला होता. तरीही त्या बेरजेत इतके पाणी जमा झाले होते की ते केंद्र ६ ऑगस्ट २०२३ पर्यंत सुरू राहू शकले.

हंगामाच्या मध्यावर हिमथराच्या आतील भाग शून्याच्या खाली असतो. वर सूर्याने थोडे वितळवले तरी ते पाणी आत झिरपताच पुन्हा गोठते. वसंतात ही आतली थंडी हळूहळू संपते आणि एक दिवस असा येतो की पृष्ठभागापासून जमिनीपर्यंत सगळा थर बरोबर शून्य अंशावर येऊन ठेपतो. जलतज्ज्ञ अशा थराला ‘पक्व’ म्हणतात, आणि हा शब्द मला फार समर्पक वाटतो; पिकलेल्या फळासारखा तो थर आता थोड्याशा उष्णतेनेही पाणी सोडू लागतो. हंगामअखेरच्या स्कीइंगचे सारे नियम या पक्वतेनंतर सुरू होतात.

ऊन एवढे कडक, तरी हिम आठवडेच्या आठवडे टिकते कसे?

शून्य अंशावरील एक किलो हिम वितळवून शून्य अंशाचेच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येते. चहासाठी पाणी उकळत ठेवताना जी ऊर्जा खर्च होते, तिच्याशी तुलना करावी इतकी ही मोठी किंमत आहे, आणि ती मोजताना तापमापकाचा पारा जरासुद्धा हलत नाही. त्यामुळे चार दिवस ऊन पडले आणि हिमथर नाहीसा झाला, असे होत नाही.

दुसरे कारण रंगाचे आहे. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के परत फेकते. जुने, ओले, भरड दाण्यांचे हिम मात्र ६० टक्के किंवा त्याहूनही कमी प्रकाश परतवते. हा फरक किरकोळ वाटतो, पण उलट बाजूने हिशेब करून पाहा. १०० पैकी ८५ भाग परतवणारे हिम १५ भाग स्वतःकडे ठेवते आणि ६० परतवणारे ४० ठेवते. म्हणजे त्याच सूर्याखाली जुने हिम अडीचपटीहून अधिक ऊर्जा शोषते. त्यावर धूळ बसली तर घसरण आणखी वेगाने होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सहारा वाळवंटातून उडालेल्या धुळीने आल्प्समधील उतार नारिंगी दिसू लागले होते. असा धुळीचा थर नव्या हिमाखाली गाडला गेला तरी प्रश्न सुटत नाही, कारण वरचे हिम वितळले की धूळ पुन्हा उघडी पडते आणि वितळण्याचा वेग वाढवते.

तिसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. ४५ अंश उत्तर अक्षांशावर २१ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण साडेएकवीस अंश वर येतो; एप्रिलच्या सुरुवातीला तो जवळजवळ ५० अंशांवर असतो. आता ३० अंश तिरका, उत्तरेकडे तोंड असलेला उतार डोळ्यांपुढे आणा. डिसेंबरच्या दुपारी त्याला थेट ऊन मिळतच नाही आणि एप्रिलमध्येही किरण त्याला तिरपे घासून जातात. तेवढ्याच तिरक्या दक्षिण उतारावर मात्र एप्रिलचे किरण जवळजवळ काटकोनात पडतात. एकाच डोंगराच्या एका अंगाला कोरडे हिम आणि दुसऱ्या अंगाला लगदा आढळतो, तो यामुळे. दक्षिण गोलार्धात दिशा उलटतात, एवढाच फरक.

हवा ३ अंशांवर असताना हिम गोठते कसे?

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

अहवालातील तापमान हे जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेल्या तापमापकावर मोजलेले हवेचे तापमान असते. हिमाच्या पृष्ठभागाचे तापमान वेगळे असू शकते आणि निरभ्र रात्री ते वेगळे असतेच. प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. दिवसा दिसणारा प्रकाश परत फेकणारे हिम या अदृश्य किरणांच्या बाबतीत जवळजवळ काळ्या वस्तूसारखे वागते. ते आपली उष्णता मुक्तहस्ते उधळते. आकाश निरभ्र असेल तर ही उष्णता वर निघून जाते आणि बदल्यात फारच थोडी परत येते. आकाशात ढग असतील तर ते खालून आलेले किरण शोषून पुन्हा खाली पाठवतात, म्हणजे अंगावर गोधडी पांघरल्यासारखे होते. निरभ्र रात्रीनंतर गाडीच्या टपावर दव साचते आणि ढगाळ रात्रीनंतर टप बहुधा कोरडा राहतो, हे आपण पाहिलेले असते, कारण हेच.

हवा कोरडी असेल तर आणखी एक मदत मिळते. ओल्या अंगावर वारा लागला की शहारा येतो, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता लागते आणि ती अंगातून घेतली जाते. ओल्या हिमाचेही तसेच होते. त्यामुळे हवा ३ किंवा ४ अंशांवर, परंतु कोरडी असेल आणि आकाश स्वच्छ असेल, तर हिमाचा पृष्ठभाग शून्याखाली जाऊन पहाटेपर्यंत काही सेंटिमीटर जाडीचे टणक कवच तयार होऊ शकते. उलट हवा १ अंशावर असूनही रात्र ढगाळ आणि दमट असेल तर हिम रात्रभर ओलेच राहते. हवामानाचा नुसता तापमानाचा रकाना पाहणारा माणूस दुसरी रात्र अधिक थंड समजेल. स्कीइंगच्या दृष्टीने पहिली रात्र कितीतरी चांगली.

सकाळी काच, दहाला भरड मीठ, दुपारी लगदा

रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे हे चक्र अनेक दिवस चालले की हिमाची रचना पालटते. ओल्या हिमात लहान कण आधी वितळतात आणि त्यांचे पाणी मोठ्या कणांवर जाऊन बसते, त्यामुळे कण गोल आणि मोठे होत जातात, आणि रात्री ते एकमेकांना बर्फाने सांधले जातात. पहाटे हा पृष्ठभाग काचेसारखा टणक असतो; स्कीच्या धातूच्या कडा त्यावर खरवडल्याचा आवाज करतात आणि नवशिक्याला तेथे उभे राहणेही अवघड जाते. ऊन चढू लागले की कणांमधील सांधे आधी सुटतात. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग भरड मिठासारखा मोकळा होतो आणि खाली टणक पाया शिल्लक राहतो. हीच ती अवस्था, जिच्यासाठी जाणकार लोक वसंताची वाट पाहतात: वर मऊ, खाली घट्ट, वळण घ्यायला अतिशय सोपे. इंग्रजीत या हिमाला मक्याच्या दाण्याची उपमा दिली जाते.

ही अवस्था तास-दोन तासच टिकते. पूर्वेकडील उतारावर ती आधी येते, मग दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे. म्हणून अनुभवी लोक सूर्याच्या मागोमाग डोंगर फिरतात. त्यानंतर सांधे खोलवर सुटतात, पाया मऊ होतो आणि पाय घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत रुतू लागतात. स्की अचानक अडल्यासारखी वाटते, कारण तिच्या तळाशी पाण्याचा सलग पापुद्रा तयार होतो आणि ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटाव्यात तशी ती हिमाला चिकटते. गुडघ्याच्या दुखापतीची भीती अशा वेळी खरोखरच असते.

पण जुने, दबलेले हिम तर सुरक्षित असायला हवे ना?

ही शंका रास्त आहे आणि तिचे अर्धे उत्तर ‘होय’ असेच आहे. रात्री नीट गोठलेला हिमथर सकाळी फार भक्कम असतो. मात्र तोच थर दुपारी धोकादायक होऊ शकतो, आणि उतार वेळेवर बंद करण्यामागचे मुख्य कारण येथे आहे.

थोडे पाणी हिमाचे कण धरून ठेवते. समुद्रकिनाऱ्यावरील ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच बळावर. पाणी वाढले की तोच किल्ला ढासळतो. कणांमधील सांधे वितळतात, पाणी खाली झिरपत जाते आणि एखाद्या घट्ट थरावर किंवा थेट जमिनीवर साचून वरचा भार सैल करते. मग ओल्या हिमाचा प्रपात, म्हणजे उतारावरून कोसळणारा हिमाचा लोंढा, सुटतो. कोरड्या हिमाचा प्रपात धुरासारखा उसळत वेगाने येतो. ओला त्यामानाने सावकाश सरकतो, पण त्याचे वजन प्रचंड असते आणि थांबल्यावर तो काँक्रीटसारखा घट्ट होतो. तापलेल्या खडकांच्या आसपासून हिमाचे छोटे गोळे आपोआप घरंगळू लागले, तर ती निसर्गाने दिलेली सूचना समजावी.

स्की केंद्रे कोरड्या हिमाचा धोका पहाटे स्फोटके वापरून, प्रपात मुद्दाम पाडून कमी करतात. ओल्या हिमाला स्फोटकांचा म्हणावा तसा उपयोग होत नाही, कारण ते धक्का शोषून घेते आणि त्याचा धोका पाणी किती झिरपले यावर, म्हणजे घड्याळावर, अवलंबून असतो. म्हणून वेळेवर मार्ग बंद करणे हाच भरवशाचा उपाय उरतो. पर्यटकाला तो अतिरेकी सावधपणा वाटतो, कारण समोर स्वच्छ ऊन असते आणि डोंगर शांत दिसतो. रात्र ढगाळ गेली असेल तर काही उतार दिवसभर उघडलेच जात नाहीत, आणि तो निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो.

पाऊस पडला की सगळे वाहून जात नाही का?

वाटते तितके नाही. ५ अंश तापमानाचा २० मिलिमीटर पाऊस शून्यापर्यंत थंड होताना जेवढी उष्णता देतो, तिने जेमतेम सव्वा मिलिमीटर पाण्याइतके हिम वितळते. घनमीटरला ४५० किलो वजनाच्या दोन मीटर हिमथरात ९०० मिलिमीटर पाणी असते, हे लक्षात घेतले तर हे नुकसान नगण्य आहे.

खरा घातक असतो तो पावसाबरोबर येणारा उबदार, दमट वारा. हवेतील वाफ थंड हिमावर पाणी होऊन बसते तेव्हा ती आपल्यातील उष्णता सोडते, आणि एक किलो वाफेच्या त्या उष्णतेने सुमारे साडेसात किलो हिम वितळते. धुके आणि वारा असलेल्या उबदार रात्रीनंतर उतार खंगलेला दिसतो तो यामुळे. पावसाचे दुसरे नुकसान प्रपाताच्या रूपाने होते. थोड्या वेळात भरपूर पाणी थरात शिरते आणि सांधे सुटतात.

पाऊस पडेल की हिम, हे शून्य अंशाची रेषा किती उंचीवर आहे यावर ठरते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे तळाशी ६ अंशांवर पाऊस पडत असताना हजार मीटर वर हिम पडत असू शकते. पाकळ्या या रेषेच्या खालीही दोनशे-तीनशे मीटर न वितळता पोहोचू शकतात. जोरदार वृष्टीत वितळणाऱ्या पाकळ्या आसपासची हवा थंड करतात आणि पाऊस बघता बघता हिमात बदलतो. एप्रिलमधील असे नवे हिम सकाळी स्वर्गीय दिसते, पण ऊन लागताच तासाभरात जड होते. शिवाय ते जुन्या टणक कवचावर पडलेले असल्याने सहज घसरू शकते. उशिरा पडलेल्या हिमावर भाळून जाणाऱ्यांनी वर जायचेच असेल तर पहिल्या फेरीत जावे.

यंत्राने हिम करून हंगाम लांबवता येत नाही का?

हिम तयार करणाऱ्या यंत्रांना थंड आणि कोरडी अशी दोन्ही गुणांची हवा लागते, आणि वसंतातील थोड्या रात्रींमध्येच ती मिळते. शिवाय तयार केलेले हिम त्याच कडक उन्हाखाली राहणार असते, त्यामुळे या काळात पाणी आणि वीज खर्च करण्यात फारसा अर्थ नसतो. त्यापेक्षा आहे ते हिम सांभाळणे शहाणपणाचे. संध्याकाळी यंत्रांनी उतार सपाट केले नाहीत तर दिवसभरात पडलेले चर रात्री दगडासारखे गोठतात. शर्यतींच्या मार्गांवर मीठही टाकले जाते. हिम वितळवणारे मीठ हिम टणक कसे करते, हे ऐकून नवल वाटते. पण मीठ थोडे हिम वितळवताना त्यासाठी लागणारी उष्णता खालच्या ओल्या हिमातून ओढून घेते आणि ते गोठते. घरी आइस्क्रीम करताना भांड्याभोवतीच्या बर्फात मीठ घालतात ते याच तत्त्वावर. हा उपाय काही तासांचा असतो आणि हिम पुरेसे ओले नसेल तर चालत नाही. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे तर हिमाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर जपून पुढच्या हंगामाच्या आरंभी स्कीइंगसाठी पसरला जातो.

उशिरा हिम पडले, मग तापमानवाढ खोटी का?

एखाद्या वर्षीच्या एप्रिलमधील हिमवृष्टी हे हवामान आहे. हवामानबदल ओळखायचा तर अनेक दशकांच्या नोंदी लागतात. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार उत्तर गोलार्धात वसंतातील हिमाच्छादन निदान १९७८ पासून घटत आहे. दुसरीकडे, हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पुरेशा उंच आणि थंड जागी अजूनही भरघोस हिम पडू शकते. म्हणूनच कमी उंचीची केंद्रे आधी अडचणीत येतात आणि उंचावरील केंद्रांना एखादा विक्रमी हंगामही लाभतो.

मग अहवाल वाचायचा कसा?

जाडीचा आकडा शेवटी पाहावा. सर्वांत आधी रात्रीचे आकाश कसे होते ते शोधावे. ते लिहिलेले नसेल तर डोंगरावरील कॅमेऱ्याची पहाटेची छायाचित्रे ते सांगतात. मग हवेतील आर्द्रता आणि शून्य अंशाच्या रेषेची उंची. ही रेषा रात्रीही शिखराच्या वर राहिली आणि आकाश ढगाळ असले, तर हिम गोठलेले नाही असे धरून चालावे. रात्र निरभ्र आणि कोरडी गेली असेल तर सकाळी घाई करण्यात अर्थ नाही. आठ वाजता काचेवर घसरण्यापेक्षा साडेनऊला पूर्वेच्या उतारावर पोहोचणे बरे. वारा जोराचा आणि थंड असेल तर उतार उशिरा मऊ होतो, क्वचित दिवसभर होतच नाही. यानंतर दोन मीटर आहे की दीड, हे पाहायला हरकत नाही; त्यावरून फार तर खडक आणि झुडपे कुठे डोके वर काढू लागली असतील, याचा अंदाज येतो.